मुरलेला दगड

कागदोपत्री २०१४ पासून कलबुर्गी झालेल्या, पण आमच्या पिढीच्या तोंडी अजून गुलबर्गाच असलेल्या या गावाहून समुद्र फार लांब आहे. नकाशावर रत्नागिरीपर्यंत सरळ रेघ ओढली तरी ती साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक भरते. इकडच्या मराठी घरांत समुद्र म्हणजे एखाद्या सहलीत पाहिलेली, भिजलेल्या कपड्यांसह आठवणारी गोष्ट. एरवी त्याचा संबंध मिठाच्या बरणीपुरता. अशा गावी, बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, काचेच्या पेटीत खारे पाणी ठेवून समुद्रातले मासे पाळायचे, हा विचार आमच्या घरात आला तो नातवाच्या हट्टाने. आम्ही उभयतां सेवानिवृत्त. वेळ हाताशी होता, आणि नातवाची इकडे राहण्याची वर्षे सरत आली होती. म्हणून आम्ही होकार दिला.

गोड्या पाण्यातले मासे पाळणे सोपे, असे पुष्कळांना वाटते. खाऱ्या पाण्याचे काम निराळेच असते. त्यात माशांच्या आधी आणावा लागतो दगड. त्या दगडाला जगभरचे हौशी लोक 'जिवंत दगड' म्हणतात. वास्तविक तो पोवळ्यांच्या मृत सांगाड्यांचा, वादळाने मोडून पडलेला तुकडा. तो स्वतः जिवंत नसतो. पण त्याच्या असंख्य छिद्रांतून जिवाणू, किडे, स्पंज, शेवाळ अशी वस्ती असते. मासा पाण्यात जी घाण टाकतो तिचा अमोनिया होतो आणि अमोनिया माशाला विष आहे. दगडातले काही जिवाणू त्या अमोनियाचे नायट्राईट करतात, दुसरे त्या नायट्राईटचे नायट्रेट करतात, आणि दगडाच्या अगदी आत, जिथे प्राणवायू पोहोचत नाही तिथले जिवाणू नायट्रेटचा निरुपद्रवी वायू करून सोडून देतात. पेटीतला खरा गृहस्थ हा दगडच. मासे हे पाहुणे. जाकार्ताच्या ली चिन एंग या गृहस्थांनी १९६१ साली ही पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा यंत्रांच्या गाळण्यांवर विसंबणाऱ्यांना तिचे नवल वाटले होते.

समुद्रातून काढलेला असा दगड प्रवासात अर्धा मरतो. त्यावरचे स्पंज व किडे कुजतात, पाण्याला घाण वास सुटतो. तो तसाच माशांच्या पेटीत टाकला तर मासे दगावतात. म्हणून तो आधी वेगळ्या टबात, हलत्या खाऱ्या पाण्यात, अंधारात ठेवायचा; कुजलेला भाग ब्रशाने घासायचा, पाणी बदलायचे, आणि अमोनिया व नायट्राईट दोन्ही शून्यावर येईपर्यंत थांबायचे. तीन आठवडे लागतात, कधी आठही लागतात. या क्रियेला इंग्रजीत 'क्युरिंग' म्हणतात. शब्द आपल्या गवंड्यांच्या तोंडी आहेच. स्लॅब टाकल्यावर ते रोज पाणी मारायला सांगतात, ते हेच. आम्ही मात्र घरात 'दगड मुरवणे' असेच म्हणू लागलो. लोणचे मुरते तेव्हा बरणीत बाहेरून काहीच चाललेले दिसत नाही, दगडाचेही तसेच.

आता प्रश्न आला, हा दगड आणायचा कोठून? मोठ्या शहरातील एका दुकानदाराने आम्हांला हळू आवाजात सांगितले, "काका, मन्नारचा अस्सल जिवंत दगड मिळवून देतो, पैसे तेवढे रोख द्या." आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो. आपल्या देशात वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा; २००१ मध्ये खडक बांधणारी सर्व पोवळी त्याच्या पहिल्या परिशिष्टात घातली गेली, म्हणजे वाघाच्या पंक्तीत बसवली गेली. समुद्रातून पोवळ्याचा दगड उचलणे हा तेव्हापासून गंभीर गुन्हा आहे. कायद्याचा धाक आम्हांला आहेच. पण त्यामागचे कारण अधिक बोलके आहे. तमिळनाडूच्या किनाऱ्यालगत मन्नारच्या आखातात एकवीस बेटांची रांग होती. चुनखडीसाठी व बांधकामासाठी तिथले पोवळ्यांचे खडक वर्षानुवर्षे खणून नेले गेले. खडक गेला, लाटा अडेनात. त्यांतली दोन बेटे आज पाण्याखाली आहेत. आमच्या दिवाणखान्यातल्या पेटीसाठी त्या खडकाचा आणखी एक तुकडा निघावा, हे आम्हांला पटणे शक्य नव्हते. नातवाला आम्ही हे सांगितले तेव्हा तो गप्प राहिला. मग म्हणाला, "मग आपण आपला दगड करू."

दगडांची या मुलखात वाण नाही. बीदरकडे पाहावे तर सारे पठार जांभ्याचे. बीदरचा किल्ला जांभ्यावर उभा, आणि त्याच जांभ्यातून झिरपलेले पाणी खालच्या घट्ट थरावर अडून नानक झिरा, नरसिंह झरणी येथे झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. बहमनी काळात खोदलेली नौबादची भूमिगत करेझही याच पाण्यावर चालली. छिद्रे जांभ्यात भरपूर. पण लोहही भरपूर, आणि लोह हे शेवाळाचे आवडते खाद्य. खाऱ्या पाण्याच्या पेटीत त्याला जागा नाही.

आमच्या कलबुर्गीकडचा दगड तो शहाबादी. महाराष्ट्रातल्या किती स्वयंपाकघरांतून, किती चाळींच्या गॅलऱ्यांतून ही फरशी पसरली आहे, आणि त्यावर पाय ठेवणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना शहाबाद हे कलबुर्गी जिल्ह्यातील, सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे गाव आहे हे ठाऊक असेल. शहाबादी फरशीवर लिंबू सांडले की डाग पडतो, हे प्रत्येक गृहिणीला माहीत असते. नातवाने परसातल्या तुकड्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला. बारीक बुडबुडे आले. चुनखडी ती! पोवळ्याचा सांगाडा ज्या पदार्थाचा, त्याच पदार्थाची. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात की भीमेच्या खोऱ्यातला हा दगड पन्नास कोटी वर्षांहून जुना असून, एका उथळ समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून तो झाला. आजची पोवळी तेव्हा जन्मालाही आली नव्हती. ज्या गावाला आम्ही समुद्रापासून लांब म्हणतो, त्याच्या घराघरांतून माणसे समुद्राच्या तळावरच पाट मांडून जेवतात.

तरी शहाबादी दगड जसाच्या तसा चालला नसता. तो घट्ट, पापुद्र्यांचा. आत हवा नाही, पाणी नाही, जिवाणूंना राहायला खोल्या नाहीत. पण याच चुनखडीवर आमच्या जिल्ह्यातील सिमेंटचे कारखाने उभे आहेत, वाडीचे नाव तर सिमेंटच्या पोत्यांवरून दूरवर गेले. म्हणून आम्ही सिमेंटचा दगड करायचे ठरवले. एक भाग सिमेंट, दोन भाग शिंपल्यांचा चुरा आणि दोन भाग जाडे मीठ. शिंपल्यांचा चुरा कोंबड्यांचे खाद्य विकणाऱ्याकडे मिळतो. अंड्याचे कवच टणक व्हावे म्हणून तो घालतात. पाणी अगदी बेताचे घालून हे सारे कालवले आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ओल्या वाळूत खळगे करून त्यांत थापले. घट्ट झाल्यावर तुकडे पाण्यात टाकले की मीठ विरघळून जाते आणि त्याच्या जागी पोकळ्या राहतात. मीठ स्वतः नाहीसे होऊन दुसऱ्यासाठी घर सोडून जाते, असे आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. आम्हांला ते शास्त्रीय वर्णनाहून बरे वाटले.

नव्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि पाणी माशांना न सोसण्याइतके अल्कधर्मी होते. म्हणून ते तुकडे परसातल्या पिंपात बुडवून दर चार दिवसांनी पाणी बदलायचे. पट्टी बुडवून पी. एच. पाहायचा, समुद्राचा साधारण ८.१ ते ८.३ असतो, आमचा आकडा पहिल्या महिन्यात अकराच्या खाली येईना. इथे पाण्याचा प्रश्न उभा राहिला. आमच्या शहराला भीमेचे आणि बेण्णेतोऱ्याचे पाणी मिळते, पण नळ रोज येत नाही. सूनबाईंनी स्पष्ट बजावले, की दगडांच्या आंघोळीसाठी घोटभरही पिण्याचे पाणी मिळणार नाही. तडजोड अशी झाली की पिंपात बोअरचे जड पाणी. आणि बदललेले पाणी अंगणातल्या शेणकाल्यावर, धुळीवर शिंपडायचे. पुढे पेटीसाठी शुद्ध पाणी लागले, तेव्हा गाळणयंत्रातून एक बादली शुद्ध पाण्यामागे तीन बादल्या वाया जाणारे पाणी निघे, ते सूनबाईंनी भांडी आणि फरशीसाठी लावून घेतले. घरातला समुद्र असा काटकसरीने भरला गेला.

गुढी पाडव्यापर्यंत पी. एच. उतरला. मग मीठ कालवणे आले. शंभर लिटर पाण्यास सुमारे साडेतीन किलो मीठ. पण ते आपले स्वयंपाकाचे नव्हे. समुद्राच्या पाण्यात साध्या मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचे क्षार असतात; ते सर्व असलेले तयार मीठ हैदराबादहून आणले. हे पाणी कालवायला देवघराशेजारचा तांब्याचा हंडा घेऊ गेलो तर नातवाने हात धरला. तांब्याच्या भांड्यातले पाणी आपल्याला आरोग्याचे. शंखातल्या जिवाला आणि पोवळ्याला तांब्याचा अंशही घातक. शेवटी प्लॅस्टिकच्या टबाने काम भागवले.

दगड आता निवळला होता, पण जिवंत नव्हता. त्यात वस्ती व्हायची होती आणि वस्तीला अन्न हवे. पुस्तकांतून यासाठी कोळंबीचा तुकडा पाण्यात कुजवायला सांगतात. आमच्या घरी ते होणे नव्हते. मग रसायनाची वाट धरली आणि ती आम्हांला थेट लहानपणात घेऊन गेली, कारण ते रसायन होते नवसागर. कल्हईवाला दारात भाता लावून बसायचा, तापलेल्या पातेल्यात कथील फिरवण्याआधी नवसागराची चिमूट टाकायचा, आणि पांढऱ्या धुराने डोळे चुरचुरायचे. ज्यांनी तो वास घेतला आहे त्यांना अमोनियाची वेगळी ओळख करून द्यायला नको. बीदरशी तर नवसागराचे नाते अधिक जवळचे. बिदरी भांडे जस्त आणि थोड्या तांब्याच्या मिश्रणाचे. चांदीची तार ठोकून झाल्यावर कारागीर ते तापवून किल्ल्यातील जुन्या मातीत नवसागर मिसळलेल्या लेपाने माखतो. जस्त काळेभोर होते, चांदी तशीच झळकते. ही किल्ल्याचीच माती का, तर ऊनपावसाआड राहिलेल्या जुन्या मातीत शोऱ्यासारखे क्षार असतात असे सांगतात. आणि शोरा होतो कसा? जुन्या गोठ्यांच्या, भिंतींच्या मातीत साचलेल्या अमोनियावर जिवाणूंनी पिढ्यान्‌पिढ्या काम करून! हे काम सजीवांचे आहे, हे १८७७ मध्ये श्लोझिंग व म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवले. १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने ते जिवाणू वेगळे काढले. जे काम बीदरच्या मातीत शतकानुशतके चालले, तेच काम आमच्या पेटीत व्हायचे होते.

शुद्ध नवसागर प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्याकडून आणला. शंभर लिटरांस सहा दशांश ग्रॅम, म्हणजे चिमटीत मावेल इतका. राहता राहिले विरजण. हैदराबादच्या एका हौशी गृहस्थांनी आपल्या जुन्या पेटीतील मूठभर ओली वाळू दिली. अक्षय तृतीयेस ती आमच्या दगडांवर पसरली. दुधाला विरजण लावून झोपी जावे तसे आम्ही झोपलो. फरक एवढाच, की हे दही लागायला दोन महिने लागणार होते.

रोज सकाळी नातू लहान नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकी. अमोनिया असला तर पाणी हिरवे, नसला तर हळदीसारखे पिवळे. तिसऱ्या आठवड्यात हिरवा रंग गेला आणि घरात पेढे येण्याचीच काय ती बाकी राहिली. पण त्याच दिवशी नायट्राईटची नळी गडद जांभळी झाली. एका जिवाणूने काम संपवले होते, दुसऱ्याची वस्ती अजून व्हायची होती. ती हळू वाढते. तिला घाई करता येत नाही. जून उजाडला, नळी जांभळीच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नातवाला शिक्षणासाठी पुण्यास जायचे होते. सीमेवरच्या मराठी घरांना हे नवे नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले; भालकी, औराद, हुमनाबाद इकडे राहिले. तेव्हापासून आमची मुले घरी मराठी, बाजारात दखनी आणि कन्नड, शाळेत इंग्रजी अशा चार ओसऱ्यांतून वाढतात आणि अठराव्या वर्षी बहुधा पुण्याची गाडी धरतात. परत येणारी थोडी. जाण्याच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "आजोबा, दोनच मासे आणू. पोहताना पाहून जाईन." त्याच्या आजीचे मन लगेच विरघळले, आमचेही काही दगडाचे नव्हते. आम्ही एवढेच म्हटले, की नळी तू पाहा आणि तूच ठरव. त्याने थेंब टाकले, पाच मिनिटे घड्याळ लावून बसला, नळी उजेडासमोर धरली. पाणी जांभळे. त्याने ते मोरीत ओतले आणि म्हणाला, "नको. मेले तर मी इथे नसेन."

तो गेला; पेटीत मागे राहिले खारे पाणी आणि राखाडी दगड. शेजारी येत, विचारत, "मासे कुठे आहेत?" नाहीत म्हटल्यावर त्यांना आमची कीव येई. रोज रात्री पुण्याहून फोन येई. प्रकृतीची चौकशी नंतर, आधी नळीचा रंग. आम्हांला रंग ओळखायला त्यानेच शिकवले होते. ज्येष्ठ संपता संपता एके सकाळी नळीतले पाणी निळसर पांढरे राहिले. आम्ही दोघांनी चष्मे पुसून पुन्हा पाहिले. पुन्हा नवसागर घातला. चोवीस तासांत तोही नाहीसा झाला. दगड मुरला होता.

आषाढात मासे आले: केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली विदूषक माशांची जोडी. समुद्रातून पकडलेली नव्हे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे हे मासे टाक्यांतून वाढवण्याचे तंत्र बसवले आहे, त्यामुळे तशी पिल्ले मिळतात. पहिला उन्हाळा त्यांनी पेटीवर पंखा लावून काढला. पंख्याने पाणी उडते व थंड राहते. उडते ते फक्त पाणी, मीठ मागे उरते. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याचीच घालायची, जशी आटलेल्या आमटीत घालतो. वीज गेली की बॅटरीवरचा लहान पंप चालू करायचा, कारण हलते पाणी थांबले तर दगडातली वस्ती गुदमरते.

दगड विकत मिळतो, त्यातला जीव विकत मिळत नाही, एवढे या वर्षात आम्हांला कळले. तो बसायला अन्न, हलते पाणी, मूठभर विरजण आणि थांबण्याची तयारी लागते. दुसऱ्याचे घर मोडून आणलेला दगड घाई वाचवतो, पण ती वाचवलेली घाई कुठल्या तरी बेटाच्या खात्यावर मांडली जाते. परमुलखात वसलेल्या आपल्या घरांविषयीही कधी कधी असेच वाटते. आपले पूर्वज कोरडे तुकडेच होते. इथल्या पाण्यात बुडून, इथल्या मातीचे क्षार घेऊन, कित्येक वर्षे काहीच घडत नाही असे वाटत असतानाच ते मुरले. आपल्या ओव्या, आपले बोलणे आणि शेजारच्या कन्नड घराशी होणारी वाटीची देवघेव हे सारे त्या छिद्रांतून राहते. बाहेरच्याला दिसतो फक्त दगड.

पंढरपूरला जिला चंद्रभागा म्हणतात तीच भीमा आमच्या जिल्ह्यातून जाते, चुनखडीचा अंश विरघळवून घेते आणि कृष्णेच्या हाती देऊन बंगालच्या उपसागरात पोहोचवते. तिथे कोणी शिंपला, कोणी पोवळे त्याचे पुन्हा घर बांधते. हे नातवाला फोनवर सांगितले, तर तो म्हणाला, "म्हणजे आपला दगड तिकडेही असेल." परवा त्याला आणखी एक बातमी द्यायची होती. पेटीत नंतर आणलेल्या एका गोगलगायीच्या शंखावर गुलाबी शेवाळाचा कण होता. त्याचा मसुराएवढा ठिपका आमच्या सिमेंटच्या दगडावर धरला आहे. खडूसारखा कठीण, नखाने निघत नाही. दिवाळीच्या सुटीत तो येईल, तोवर ठिपका रुपयाएवढा व्हावा असा आमचा अंदाज आहे.